कारंज्याचा बाजार आणि माझा एपीआय : नवी पद्धत लोक का उचलत नाहीत?



पेटची तयारी करणाऱ्या एका मुलानं परवा फोनवर विचारलं, "ताई, कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. करायची तर इतिहास कशाला वाचायचा? तो तर एमपीएससीवाल्यांचा विषय." तेव्हा मी घाईत काहीतरी सांगून मोकळी झाले. आज नीट उत्तर देते. माझ्या प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण अडकून पडलं होतं आणि ते सुटलं १८८६ सालच्या कारंज्याच्या बाजारामुळे. कसं, ते सांगते.

माझा विषय थोडक्यात असा : एखाद्यानं एपीआय तयार केला, तर बाहेरचे डेव्हलपर तो कधी वापरू लागतात आणि कधी ढुंकूनही पाहत नाहीत?

एपीआय हा शब्द ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी. तहसीलमधल्या सेतू केंद्राची खिडकी डोळ्यांसमोर आणा. कोणता अर्ज, सोबत कोणती कागदपत्रं, फी किती आणि शेवटी हातात काय पडणार, हे सगळं ठरलेलं असतं. आत कोणते बाबू कोणत्या टेबलावर बसतात हे तुम्हाला माहीत असायची गरज नसते. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्या प्रोग्रामसाठी उघडलेली अशीच खिडकी. खिडकी बांधणं सोपं आहे. तिच्यासमोर रांग लागणं अवघड आहे.

आधी माझी फजिती

एम.एस्सी. झाल्यावर मी अकोला, अमरावती आणि आसपासच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव एका ठिकाणी गोळा करायला घेतले. तूर, हरभरा, सोयाबीन, कापूस. प्रत्येकाची आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. त्यावर एपीआय बांधला, चाळीस पानांचं डॉक्युमेंटेशन लिहिलं आणि वापरायची की मिळवण्यासाठी एक फॉर्म ठेवला. फॉर्म आला की मी तो तपासणार, मग दोन दिवसांत की पाठवणार, अशी व्यवस्था.

शेतीसाठी ॲप करणारे विद्यार्थ्यांचे तीन गट माझ्या ओळखीचे होते. तिघांनाही भेटले, स्लाइड दाखवल्या, चहा पाजला. सगळे म्हणाले, "मस्त आहे मॅडम." चार महिन्यांनी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. पहिल्या गटानं की मागितलीच नव्हती. दुसऱ्यानं मागितली, दोनदा वापरली आणि सोडून दिली. तिसरा गट सहा आठवडे रोज वापरत होता आणि एका सोमवारी अचानक थांबला. शोधलं तेव्हा कळलं की आदल्या रात्री मी एका रकान्याचं नाव बदललं होतं. मला ते नाव बरोबर वाटत नव्हतं, एवढंच कारण. त्यांचं ॲप सकाळी बंद पडलं. मी कोणाला काही कळवलंही नव्हतं.

मी सरांकडे गेले आणि म्हणाले, विषय बदलू का? सर म्हणाले, "लोक आले नाहीत हा तुझा निष्कर्ष नाही, तो तुझा प्रश्न आहे. याआधी असं कुठं कुठं झालं ते वाचून ये."

हे वाक्य वहीत लिहून ठेवा. तुमचा पहिला प्रयोग फसेल, तेव्हा कामी येईल.

एपीआय हा शब्द

मी सुरुवात शब्दापासून केली. केंब्रिजमध्ये एडसॅक नावाचा सुरुवातीचा संगणक होता. त्यावर काम करणाऱ्या विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ मध्ये प्रोग्राम कसे लिहावेत यावर पुस्तक काढलं. त्यात तयार उपप्रोग्रामांचा संग्रह आणि प्रत्येक उपप्रोग्राम कसा वापरायचा याची माहिती होती. म्हणजे शब्द नव्हता, पण कल्पना होती. एपीआय ज्याचं संक्षिप्त रूप आहे तो शब्दप्रयोग छापील रूपात पहिल्यांदा आढळतो तो १९६८ च्या एका शोधनिबंधात, असं मानलं जातं. विषय होता दूरच्या संगणकावरून चित्रं काढण्याचा. यंत्र बदललं तरी प्रोग्राम पुन्हा लिहायला लागू नये, ही त्या लेखकांची धडपड होती. लेखक दोन : आयरा कॉटन आणि फ्रँक ग्रेटोरेक्स.

वऱ्हाडातल्या पोरीला कॉटन हा शब्द दिसला की ती थांबणारच. मी हसले आणि मनात आलं, की आपल्याकडे कापसाच्या बाजारातही हाच प्रश्न आला असेल की. अनोळखी माणसांनी एकमेकांशी व्यवहार करायचा, तर ठरलेली खिडकी कोणी आणि कशी बांधली? तिथून मी कारंज्याला पोहोचले.

रुमालाखालची बोटं

जुन्या बाजारात भाव कसा ठरायचा ते आधी बघा. आपल्याकडच्या बऱ्याच बाजारांत हत्ता पद्धत होती. व्यापारी आणि आडत्या एका रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला फक्त रुमाल हलताना दिसायचा. त्याच्या मालाचा भाव त्याला शेवटी कळायचा. वर अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता अशा कपाती. वजनंमापं जागोजागी वेगळी.

आजच्या भाषेत सांगायचं तर ही डॉक्युमेंटेशन नसलेली खिडकी होती. ओळखीच्यांचं काम चालायचं, नवख्याचं नाही.

मग नवखे आले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोहोचली. अमरावतीच्या नावावरून इथल्या कापसाला व्यापारात 'उमरा' म्हणू लागले. अमरावती कुठं आहे हे माहीत नसलेला लिव्हरपूलचा दलाल 'उमरा' या नावावर सौदा करू लागला. माल त्याच नावाचा आणि त्याच दर्जाचा आहे याची खात्री मात्र कोण देणार?

तेव्हा वऱ्हाडचा कारभारही विचित्र होता. मुलूख निजामाचा, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे. त्यामुळे इथले कायदे हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने निघत. १८८६ मध्ये अशाच हुकमाखाली कारंज्याला कापसाचा बाजार सुरू झाला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद आहे. कारंजा पुढे बराच काळ अकोला जिल्ह्यात होतं. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेलं. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. एखादी जागा बाजार म्हणून जाहीर करायची, तिच्यावर देखरेखीला समिती नेमायची, दलाल आणि मापारी परवानाधारक असायचे, फी ठरलेली असायची, अशी ती व्यवस्था.

सेतूची खिडकी आठवते ना? कोण, कुठे, कोणत्या मापाने, किती फीवर. बहुतेक सगळं इथं आहे.

आता यातून संशोधकाला काय मिळालं? तीन गोष्टी.

पहिली, खिडकी बांधणाऱ्याचा स्वतःचा हेतू असतो. गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात मिळावा, ही इंग्रजांची मूळ काळजी होती. शेतकऱ्याचं भलं झालं असेल तर ते वाटेत झालं. त्या काळच्या बाजार समित्यांवर व्यापाऱ्यांचा वरचष्मा राहिला, यात म्हणूनच नवल नाही.

दुसरी, चांगली कल्पनासुद्धा फार हळू पसरते. १९१७ मध्ये नेमलेल्या कापूस समितीनं वऱ्हाडच्या धर्तीवर इतरत्र बाजार करा अशी शिफारस केली. शेजारच्या मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा आला १९२७ मध्ये. १८८६ पासून मोजा, ४१ वर्षं. नंतर शेतीवरच्या शाही आयोगानं १९२८ मध्ये नियंत्रित बाजारांचा आग्रह धरला. आपल्या आजच्या बाजार समित्या ज्या कायद्यावर उभ्या आहेत, तो महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. आणि मी चार महिन्यांत विषय बदलायला निघाले होते!

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, पण ती मला पुस्तकात नाही, अकोल्यात आडतीच्या दुकानात कळली. तिच्याकडे येतेच. त्याआधी सॉफ्टवेअरचा इतिहास थोडा पाहू, म्हणजे दोन्ही बाजू ताडून बघता येतील.

मॅकिंटॉश ते यूपीआय

१९८४ मध्ये ॲपलनं मॅकिंटॉश बाजारात आणला, तेव्हा त्यावर चालणारे प्रोग्राम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. कंपनीनं खास माणसं नेमली. त्यांचं काम ग्राहकाला यंत्र विकायचं नव्हतं, तर बाहेरच्या प्रोग्रामरना या यंत्रासाठी लिहायला राजी करायचं होतं. माइक बॉइच आणि गाय कावासाकी ही त्यातली नावं. त्यांच्या पदाला चक्क 'धर्मप्रचारक' या अर्थाचा इंग्रजी शब्द होता. मायक्रोसॉफ्टचं एक्सेल १९८५ मध्ये आधी मॅकवर आलं, विंडोजवर नंतर, हे आज कित्येकांना ठाऊक नसतं.

२००० मध्ये सेल्सफोर्स आणि ईबे यांनी इंटरनेटवरून वापरायचे एपीआय आणले. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट २००५ ची आहे. गुगलचा नकाशा नवा होता, त्याचा एपीआय अजून नव्हता. पॉल रेडमाकर नावाच्या प्रोग्रामरनं त्या नकाशाचा कोड उलगडून पाहिला आणि क्रेगलिस्टवरच्या घरांच्या जाहिराती त्याच्यावर मांडून दाखवल्या. परवानगी नाही, डॉक्युमेंटेशन नाही. गुगलनं काय करावं? त्याच वर्षी जूनमध्ये अधिकृत एपीआय खुला केला आणि पुढे त्या माणसाला नोकरीवर घेतलं. लोक मागच्या दारानं काय करताहेत ते त्यांनी पाहिलं आणि तिथेच पुढचं दार काढलं.

उलटं उदाहरण ट्विटरचं. २००६ मध्ये एपीआय खुला केला, त्यावर शेकडो लोकांनी ॲप उभारली, संशोधकांनी प्रबंध लिहिले. मग नियम कडक होत गेले आणि २०२३ मध्ये मोफत वापर जवळजवळ संपला. प्रकरण अर्ध्यावर असलेल्या संशोधक विद्यार्थ्यांचे काय हाल झाले असतील, याचा विचार करा. माझ्या त्या एका रकान्याचं नाव बदलण्याचं हेच मोठं रूप.

आणि आपल्याकडचं यूपीआय. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते सुरुवात झाली, तेव्हा २१ बँका सोबत होत्या. बँकांची ॲप ऑगस्टमध्ये आली आणि ३० डिसेंबरला भीम ॲप आलं. म्हणजे नुसते नियम छापून थांबले नाहीत, स्वतः एक ॲप बनवून दाखवलं. आता अकोल्याच्या कोणत्याही पानठेल्यावर बघा. क्यूआर कोडच्या शेजारी एक छोटा डबा ठेवलेला असतो, पैसे जमा झाले की तो रक्कम मोठ्यानं सांगतो. तो कशासाठी? नोट हातात आली की दुकानदाराला दिसायची, बाकी काही बघावं लागायचं नाही. मोबाईलवरच्या व्यवहारात ही खात्री हरवली होती. हात चुन्या-कात्यानं भरलेले असताना मोबाईल कोण उघडून बघणार? रोख पैसा गुपचूप जे काम करत होता ते त्या डब्यानं उचललं.

हे "गुपचूप करत असलेलं काम" म्हणजेच माझी तिसरी गोष्ट.

आडत्याच्या दुकानात

ई-नाम म्हणजे देशभरच्या बाजारांना ऑनलाइन जोडणारी व्यवस्था. १४ एप्रिल २०१६ रोजी ती ८ राज्यांतल्या २१ बाजारांत सुरू झाली; मार्च २०१८ पर्यंत ५८५ बाजार जोडले गेले. रुमाल गेला, भाव पडद्यावर आला. मी ओळखीतल्या एका वयस्कर आडत्या काकांना विचारलं, "मग शेतकरी तुमच्याकडे का येतात अजून?"

काका म्हणाले, "बाई, पेरणीच्या टायमाले त्याले बियाण्यासाठी उचल कोण देते? कॉम्प्युटर देते का? पोरीचं लग्न निघालं तं रात्री दहा वाजता दार कोणाचं ठोकते?"

मी गप्प बसले. आडत्या भाव ठरवतो, एवढंच माझ्या आकृतीत होतं. तो उधारी देतो, माल ठेवून घेतो, पावसाचा अंदाज सांगतो, हे नव्हतं. त्यातलं शोषण खोटं नाही. उचलीवरचं व्याज आणि बांधून घेणं हे वऱ्हाडातल्या घराघरात माहीत आहे. पण नवी पद्धत आणायची तर जुनी पद्धत कोणकोणती कामं करते याची आधी यादी हवी. वाईट पद्धतसुद्धा टिकते, कारण ती कोणाचं तरी काहीतरी अडलेलं चालवत असते.

त्याच संध्याकाळी मी पहिल्या गटाला पुन्हा भेटले, ज्यांनी की मागितलीच नव्हती. आधीच्या भेटीत मी त्यांना माझा एपीआय समजावला होता. या वेळी मी फक्त विचारलं, तुम्ही सध्या भाव कुठून घेता? ते व्हॉट्सॲपवर येणारा भावफलकाचा फोटो बघून रोज हातानं आकडे टाईप करत होते! मला वाटलं, किती हा आळशीपणा. त्यातला एक म्हणाला, "मॅडम, तुमचे आकडे बरोबर आहेत हो, पण फोटोच्या खाली आडत्यानं लिहिलेलं असते ना."

काय लिहिलेलं असतं? 'माल ओला, भाव पडले', 'उद्या आवक वाढणार', 'बारदाना नाही, थांबा'. कापसाचंच बघा. सीसीआयकडे ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याहून जास्त असेल तर माल परत. किमान आणि कमाल दरामध्ये अमुक इतकं अंतर आहे, हे माझा एपीआय सांगत होता. त्या अंतरात आपला माल कुठं बसेल, हे ती एक ओळ सांगत होती. ॲप वापरणाऱ्या शेतकऱ्यांना तीच ओळ हवी होती, म्हणून मुलं फोटोला चिकटून होती. ती आळशी नव्हती. मी त्यांना विचारलं नव्हतं.

मग मी काय बदललं?

चार गोष्टी. एक, नमुन्याचे भाव की शिवाय मिळतील अशी सोय केली; पहिली चाचणी पाच मिनिटांत व्हायला हवी. दोन, चाळीस पानांच्या आधी एक पान ठेवलं, त्यात जशाच्या तशा चालणाऱ्या पाच ओळी. तीन, पत्त्यातच आवृत्तीचा क्रमांक घातला आणि जुनी आवृत्ती किमान एक वर्ष चालेल असं लिहून दिलं. चार, भावासोबत शेऱ्याचा रकाना ठेवला. शेरा रोज कोण भरणार हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही; सध्या दोन बाजारांतून येतो, तोही नियमित नाही.

निकाल? पहिला गट आला. तिसरा गट परत आला, पण माझ्याकडून आलेली माहिती स्वतःकडे साठवून ठेवतो, म्हणजे मी पुन्हा काही मोडलं तरी त्यांचं ॲप चालेल. मोडलेला विश्वास असाच हप्त्याहप्त्यानं परत मिळतो. दुसरा गट अजूनही आलेला नाही. प्रबंधात मी ते तसंच लिहिलंय.

तुमच्यासाठी

एक सावधगिरी. कारंज्याचा बाजार म्हणजे एपीआय नव्हे. बाजारामागे कायद्याचा दंडुका होता, माझ्यामागे कोणी नव्हतं. साम्य दिसलं म्हणून ते पुरावा होत नाही. साम्यातून फक्त चांगला प्रश्न मिळतो. मला मिळालेला प्रश्न असा : "जुनी पद्धत असं कोणतं काम करते, जे कोणीच कुठे लिहून ठेवलेलं नाही?" त्याचं उत्तर मला वाचनालयात नाही, त्या दोन गटांच्या आणि काकांच्या मुलाखतींत मिळालं. तपासणीही तिथेच झाली. इतिहासानं फक्त कुठं खणायचं ते दाखवलं. आरआरसीसमोर मला नेमकं हेच विचारलं गेलं होतं आणि हे उत्तर चाललं.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा एक दिवस हा अभ्यास करून बघा. तुम्ही जी नवी गोष्ट आणू पाहताय, तिच्या जागी आज लोक काय वापरतात? त्या जुन्या गोष्टीची सगळी कामं एका कागदावर लिहा. मग तो कागद घेऊन ती वापरणाऱ्या तीन माणसांकडे जा आणि विचारा, यात काय राहिलं? काहीतरी राहिलेलं असेलच. कदाचित तोच तुमचा विषय निघेल.

कागद भरला की मला नक्की कळवा. आणि कधी मूर्तिजापूरहून यवतमाळकडे गेलात तर कारंज्याला उतरा, बाजार समितीच्या आवारात पाच मिनिटं उभे राहा. लिलाव चालू असेल तर भाव कोण पुकारतं ते बघा, आणि पुकारून झाल्यावर कोण कोणाच्या कानात काय सांगतं तेही बघा.

भेटू पुढच्या लेखात.